'प्रेमदान' छापलेली पावती

1,56,100 रुपये. एवढे माझे गेले. आकडा लिहिताना अजून हात थरथरतो, पण आमच्या ख्रिस्ती मंडळीतली माणसं लाजेपोटी गप्प बसतात आणि असल्या फसवणाऱ्यांचं फावतं, म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी इथं बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसीत यांच्या कंपनीचा ओव्हरटाइम बंद झाला, मग पगारही दोन तुकड्यांत यायला लागला. त्याच सुमारास फतेगंजच्या आमच्या घरगुती प्रार्थनासभेत एक भाऊ येऊ लागले. अडचणीच्या काळात ख्रिस्ती कुटुंबानं पैसा कसा सांभाळावा, हे शिकवायचे. आणि शिकवत ते खोटं नव्हतं! ऋणको धनकोचा दास होतो (नीतिसूत्रे 22:7), बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करावा (लूक 14:28). त्यांचं ऐकून मी किराणा, दूध, लाइटबिल, मंडळीला द्यायचा दशमांश अशी वेगळी पाकिटं केली. तीन महिन्यांत वाण्याची उधारी फिटली. अशा माणसावर संशय कोण घेणार?

मग त्यांनी बायबलातल्या योसेफाची गोष्ट काढली. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला म्हणून मिसर देश दुष्काळात तगला, तसं आपल्या लोकांचं कोठार करायचं, त्यात पैसे ठेवायचे. व्याज महिना 4 टक्के, त्यातला दशमांश ते आधीच कापणार. मी एफडी मोडून 1,10,000 दिले, पाटल्या गहाण ठेवून 40,000 आणि मुलीच्या फीचे 25,000. एकूण 1,75,000, सगळे रोख. 6,300 प्रमाणे तीन महिने मिळून 18,900 आले. चौथ्या महिन्यात फोन बंद, भाड्याच्या खोलीला कुलूप.

पावती त्यांनी आमच्याच जेवणाच्या टेबलावर फाडली. पातळ पिवळा कागद, कार्बनचा निळा डाग, आणि वर छापलेलं: 'प्रेमदान म्हणून साभार मिळाले'. मी वाचलं होतं. विचारलंही, "भाऊ, हे दान कसं?" म्हणाले, "ताई, सरकारी कटकट नको म्हणून. प्रभूला ठाऊक आहे." आणि मी ती पावती घडी घालून बायबलात ठेवली. त्या एका मिनिटाचा मला आजही संताप येतो. ठेवीला दान म्हणणाऱ्याच्या हातात एक रुपया ठेवू नका.

मी अडाणी नाही. 14 वर्षं पोस्टात आरडी चालवलीय. पण त्यांना पुलपिटजवळ उभं आमच्या पाळकांनी केलं होतं, मग मी कुणाला विचारायला जायचं? आता कळतं, योसेफानं धान्य ज्या-त्या शेतांच्या जवळच्या नगरात ठेवलं (उत्पत्ती 41:48), लोकांच्या डोळ्यांसमोर. आमचं कोठार कुणी पाहिलंच नव्हतं.

पोलीस ठाण्यात पावती उलटसुलट पाहून साहेब म्हणाले, "बेन, तमे तो दान आप्युं छे." दुसऱ्या खेपेला म्हणाले, दिवाणी मामला आहे. तिसऱ्यांदा दोन तास बाकावर बसवलं आणि अर्जाची पोच मागितली तर माझ्यावरच डाफरले. सायबरवाल्यांनी सांगितलं, रोखीचं आमच्याकडे येत नाही. 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यानं असल्या ठेवी गोळा करणं हाच गुन्हा आहे, हे मला एका वकीलबाईंनी सांगितलं. ठाण्यात कुणी चकार शब्द काढला नव्हता. तुम्ही जाल तेव्हा हे कायद्याचं नाव अर्जात लिहूनच न्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच मिनिटाला 1930 लावा.

आणि आमची पंचकमिटी! भावाविरुद्ध कोर्टात जाऊ नये म्हणून 1 करिंथ 6 मला वाचून दाखवला. त्याच अध्यायातलं आठवं वचन, जिथं भावांनाच लुबाडता म्हणून पौल फटकारतो, ते कुणी वाचलं नाही. मंडळीची बदनामी होईल म्हणे. माझ्या पाटल्यांचं व्याज मंडळी भरतेय का?

माझी पावती 47 नंबरची आहे. आधीच्या 46 जणांपैकी कुणी हे वाचत असेल, तर पावती फाडू नका. घेऊन या, एकत्र अर्ज देऊ.