एएसी ब्लॉकचं घर: आठ महिने आणि एक पडलेला गीझर

गेल्या रविवारी पहाटे पावणेसहाला बाथरूममध्ये धाडकन आवाज झाला. १५ लिटरचा भरलेला गीझर एका बाजूने सुटून पाइपला लोंबकळत होता. नशीब, आत कोणी नव्हतं. वरच्या मजल्याबद्दल वर्ष झाल्यावर सावकाश लिहिणार होतो, ते आजच लिहितोय.

खालचं घर वडिलांच्या वेळचं, ९ इंची लाल विटांचं. वर मजला चढवायचा तर वजन कमी हवं, म्हणून इंजिनिअरने एएसी, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचा ब्लॉक, सुचवला. घनमीटरला ६००-६५० किलो, म्हणजे विटेच्या साधारण तिसरा हिस्सा. काम भराभर झालं, मसाला कमी लागला, वाचलेल्या पैशांवर मी खूश. आईने मात्र मिस्त्रीला करवतीने ब्लॉक कापताना पाहिलं आणि विचारलं, "अरे, घर बांधतोयस की टोस्ट?"

तिचं खरं झालं ते खिळ्याच्या बाबतीत. या भिंतीत खिळा दोन ठोक्यांत आत जातो आणि बोटाने बाहेर येतो. घड्याळ, आजोबांचा फोटो, देवघराची फळी, प्रत्येकासाठी वेगळी नायलॉनची गिट्टी (भोकात बसून स्क्रू धरते ती) आणा. साध्या गिट्टीच्या अख्ख्या पाकिटाच्या पैशांत या चार येतात. मसाल्यात वाचवलेलं मी हार्डवेअरच्या दुकानात हप्त्याहप्त्याने परत करतोय.

गीझर पडल्यावर सप्लायर म्हणाला, फिटिंग बघा. प्लंबर म्हणाला, भिंतच पोकळ. मी दोन दिवस ब्लॉकला शिव्या घातल्या. मग टॉर्च लावून भोकात पाहिलं: नुसता भुगा, साधीच गिट्टी आणि भोक तिच्या दीडपट. पठ्ठ्याने ड्रिल हॅमरवर ठेवून मारलं होतं. ब्लॉक बनवताना अ‍ॅल्युमिनियमची पूड घालतात, तिच्यामुळे मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगतं. हॅमरने त्या बुडबुड्यांचा चुरा होणारच. इथे हॅमर बंद करून, नुसतं फिरवून भोक पाडायचं असतं. म्हणजे ब्लॉकला घातलेल्या शिव्या अर्ध्या परत. उरलेल्या सप्लायरला, कारण विकताना हे एका शब्दाने सांगितलं नाही. तेव्हा सगळा वेळ गारव्याचं पुराण.

गारव्याचंही सांगतो. मे महिन्यात खालची पश्चिमेची भिंत रात्री दहालाही तापलेली असायची, वरची नाही. पण डोक्यावरचा स्लॅब तापतोच, त्यामुळे पंखा काही एकने कमी झाला नाही. पावसाळ्यात ओल आली नाही. बीमखाली एक तडा गेलाय, तिथे मिस्त्रीने जाळी मारायची टाळली होती.

गीझर आता आरपार बोल्टवर आहे. भिंत ४ इंचीच, म्हणून पलीकडे हॉलमध्ये लोखंडी पट्टी आणि चार नट दिसतात. मी रंगाऱ्याला विचारणार होतो, तोवर आईने त्यातल्या एकावर कालनिर्णय अडकवलं. घरात एवढी पक्की जागा दुसरी नाही म्हणे.