ऐरोलीचे फ्लेमिंगो: कॅनन एम५० की आर५०?

दोन्ही कॅमेऱ्यांत २४ मेगापिक्सेल, त्यामुळे खाडीकाठी निवांत उभ्या फ्लेमिंगोच्या फोटोत फारसा फरक नाही. थवा उडाला की कळतं! २०२३चा आर५० पक्षी ओळखून फोकस धरून ठेवतो. २०१८चा एम५० माणसांचे चेहरे ओळखतो, पक्षी नाही. फोर-के व्हिडिओमध्ये एम५०ची फ्रेम कडांनी कापली जाते आणि फोकसही ढिला पडतो. आर५०मध्ये फ्रेम पूर्ण मिळते. मात्र आर५०वर सलग रॉ (प्रक्रिया न केलेले, मोठ्या फाइलचे) फोटो काढू नका, बफर म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी चटकन भरते, छोट्या फाइलचं जेपेग ठेवा.

एम५० सेकंडहँड स्वस्त, पण त्याच्या ईएफ-एम लेन्स आर५०ला बसत नाहीत, जोडणारा अडॅप्टरही नाही. एम५० घ्यायचाच तर लेन्समधून टॉर्च मारून बघा: आपल्या दमट हवेत बुरशी जाळ्यासारखी दिसते.