कोठीतली पुस्तकं वाचकाला दिसतात का? ‘कोहा’ ग्रंथालय प्रणालीचं परीक्षण

मराठवाड्यातल्या जुन्या ग्रंथालयांचा ऐवज पुष्कळदा मागच्या कोठीत असतो. निजामी राजवटीतली, म्हणजे १९४८च्या आधीची उर्दू-मराठी पुस्तकं, मासिकांच्या बांधीव फायली, सगळं बासनात बांधलेलं. दाखल नोंदवहीत त्यांचा क्रमांक असतो, वाचकाला मात्र पत्ता नसतो. ‘कोहा’ ही ग्रंथालयाची यादी आणि देवघेव सांभाळणारी मोफत, मुक्त स्रोत (जिचा कोड कुणालाही वापरता-बदलता येतो अशी) प्रणाली आहे. तिची पहिली आवृत्ती २००० साली न्यूझीलंडमधून आली. ही पुस्तकं ती उजेडात आणते का, एवढंच इथे तपासलं आहे.

आणते, पण सेटिंग बदलल्यावर.

आधी ‘अधिकृत मूल्यां’मध्ये, म्हणजे प्रणालीतल्या ठरीव पर्यायांच्या यादीत, प्रतींसाठी नवीन ठिकाण तयार करा. वाचकाला दिसणारं वर्णन वेगळं लिहिता येतं. तिथे नुसतं ‘कोठी’ न लिहिता ‘कोठीत आहे, मागितल्यास मिळेल’ असं लिहावं. मग बारकोडांची यादी एकगठ्ठा बदलाच्या साधनात टाकली की शेकडो प्रतींचं ठिकाण एका दमात बदलतं.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पुस्तक कोठीत गेलं की वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक) खोडून त्या जागी ‘बासन ३’ लिहितात. असं करू नये. कोठीत पुस्तकं आकाराने किंवा दाखल क्रमांकाने लावलेली असली, तरी ‘कोहा’चं आभासी कपाट, म्हणजे पडद्यावर शेजारशेजारची पुस्तकं दाखवणारी सोय, वर्गांकावर चालतं. मराठी साहित्याचा ८९१.४६ हा वर्गांक कायम असेल तर कोठीतलं पुस्तक पडद्यावर आपल्या विषयाच्या शेजाऱ्यांत उभं राहतं. वर्गांक गेला की ते एकटं पडतं. बासनाचा क्रमांक प्रतीच्या अंतर्गत टिपेत, म्हणजे प्रतीची माहिती ठेवणाऱ्या ९५२ क्रमांकाच्या क्षेत्रातल्या ‘एक्स’ उपक्षेत्रात टाकावा.

तेवढ्यानेही भागत नाही. आभासी कपाट एकाच ठिकाणची पुस्तकं दाखवण्याचं सेटिंग मुळात चालू असतं, त्यामुळे दर्शनी कपाट आणि कोठी यांची सरमिसळ होत नाही. ते बंद करा. प्रगत शोधात ठिकाणाची गाळणी हवी असेल, तर तीही वेगळी चालू करावी लागते.

मागणीचे नियमही तपासा. प्रत ग्रंथालयात असताना मागणी नोंदवायला परवानगी नसेल, तर कोठीतल्या पुस्तकासमोर मागणीचं बटणच येत नाही. हा नियम ठिकाणावर नाही, आयटम टाइपवर (प्रतीच्या प्रकारावर) चालतो, म्हणून ‘कोठी पुस्तक’ असा वेगळा प्रकार करावा लागतो. उगाच वाढवलेलं काम आहे हे. ‘देवघेवीसाठी नाही’ या शेऱ्याचं मूल्य शून्याहून जास्त असेल तरी मागणी अडते.

प्रणाली सगळ्यात कमी पडते ती शोधात. शोधासाठी ‘झेब्रा’ या सॉफ्टवेअरची अनुक्रमणिका वापरत असाल, तर देवनागरी आणि उर्दूसाठी आयसीयू ही युनिकोड अक्षरं हाताळणारी पद्धत निवडून अनुक्रमणिका पूर्ण नव्याने बांधावी. युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या नोंदी रूपांतर केल्याशिवाय आत घालू नका. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत ‘मराठींतील’, ‘कांहीं’ अशी रूपं आहेत; वाचक आजच्या लेखनाने शोधतो, आणि दोन्ही जुळतील याचा भरवसा नाही. मूळ शीर्षक नोंदीच्या २४५ या शीर्षकाच्या क्षेत्रात जसंच्या तसं ठेवून आजचं रूप २४६ या पर्यायी शीर्षकाच्या क्षेत्रात द्यावं. उर्दू शीर्षकाचं देवनागरी रूपही तिथेच. हे हाताने करावं लागतं, आणि वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो. पण ही मेहनत वाया जात नाही.

मुखपृष्ठांचं काय? जुन्या पुस्तकांना आयएसबीएन (आंतरराष्ट्रीय पुस्तक क्रमांक) नसतो, त्यामुळे चित्रं आपोआप येत नाहीत. शीर्षकपानाचा मोबाइलवर फोटो काढून स्थानिक चित्र म्हणून चढवता येतो. रिकाम्या चौकटीपुढे वाचक थांबत नाही.

आणि जो वाचक संगणकाकडे फिरकतच नाही, त्याच्यासाठी कपाटावर पुठ्ठ्याची पट्टी लावा: ‘या विषयाची आणखी पुस्तकं कोठीत आहेत.’ सोबत विषय आणि ठिकाण गाळून आलेल्या यादीचा क्यूआर कोड.

मागण्यांची यादी कर्मचाऱ्याला ठिकाणासह मिळते, ही बाजू भक्कम आहे. पुस्तक आणून बारकोड वाचला की मागणी कुणाची ते लगेच कळतं. कोठीत जायच्या दोन वेळा ठरवून फलकावर लिहाव्यात. मात्र लिनक्स सांभाळणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळणार नसेल, तर तो मिळेपर्यंत ‘कोहा’ बसवण्याची घाई करू नये. वर्गांक जपणं आणि पुठ्ठ्याची पट्टी, एवढं त्याच्याविनाही आजच सुरू करता येईल.