फोंड्यातल्या गच्चीवर फायबरग्लास: एक पावसाळा काढल्यानंतर

फोंड्याला आमचं घर वर आणि मसाल्याचं दुकान खाली. गच्ची ६५० चौरस फुटांची. एप्रिल-मेमध्ये तिच्यावर सोलां, म्हणजे कोकमाची आमसुलं, वाळत घालायची आणि जून लागला की खालच्या खोलीत बादल्या मांडायच्या, अशी सात वर्षं काढली. गेल्या वर्षी एकाने गॅसच्या ज्योतीवर डांबरी चादर चिकटवून दिली. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. श्रावणापर्यंत चादरीचे सांधे सुटले आणि सोलांची चार पोती बुरशीने गेली. रस लावून परत परत वाळवलेली ती सोलां फेकताना मला रडू आलं होतं.

सगळे म्हणाले, पत्रे घाला. पत्रे घातले तर ऊन कुठून आणू? म्हणून यंदा फेब्रुवारीत फायबरग्लास करून घेतलं. होड्या ज्याच्या करतात, तेच हे.

चादर खरवडल्यावर मिस्त्रीने स्लॅबवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवला. सकाळी आतून थेंब धरलेले. "काकी, आज हात लावत नाही. ओल्यावर घातलं तर फुगून सुटणार." मिस्त्री नऊ दिवस थांबले. मजुरी बुडत असताना थांबले, याचं मला फार मोल वाटतं.

मग तडे भरले, कठड्याच्या कोपऱ्यांना गोलाई दिली, प्रायमर मारला. रेझिनमध्ये, म्हणजे राळेसारख्या चिकट द्रवात, हार्डनर मिसळला की उन्हात ते भराभर घट्ट होतं, म्हणून सकाळी सातला सुरुवात, तीही छोट्या छोट्या बादल्यांतून. काचतंतूंची पांढरी चटई रेझिन पिऊन बघता बघता पारदर्शक होते. तिच्यावरून खाचांचा लोखंडी रोलर दाबून फिरवत एकेक बुडबुडा बाहेर काढला. असे दोन थर, वर करडा टॉपकोट. गच्चीवरचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपच्या तोंडात हात घालून चटई आतपर्यंत वळवली. आमची जुनी गळती तिथलीच होती. सगळी गच्ची एकसंध, सांधा कुठेच नाही. दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं, खाली एक थेंब आला नाही.

वास मात्र उग्र. तीन दिवस दुकान बंद ठेवावं लागलं आणि मसाले बहिणीकडे हलवले. खर्चही चादरीपेक्षा बराच जास्त. एका कोपऱ्यात पाणी साचतं ते अजून साचतंच, कारण उतार आधी सिमेंटने करून घ्यायला हवा होता.

पण एप्रिलमध्ये कोकमाचा रस सांडला तो ओल्या फडक्याने निघाला. काँक्रीटवर असा डाग वर्षानुवर्षं राहायचा. आणि जुलैच्या झडीत मी रोज रात्री छताला हात लावून बघत होते. कोरडं होतं. सोलांची पोती यंदा भिंतीला टेकवून ठेवली आहेत.

कपडे वाळत घालायला किंवा टाकी बघायला वर जाणार असाल, तर टॉपकोटवर बारीक वाळू मारायला आधीच सांगा. आम्ही फक्त जिन्याच्या दारापाशी मारून घेतली, बाकी गच्ची पावसात निसरडी होते.