नाशिकच्या उद्यानांतल्या १० किमी शर्यती: पावसाळ्यापासून थंडीपर्यंत धावल्यानंतरचा अनुभव

माझ्या सर्टिफिकेटवर १ तास २ मिनिटं ५ सेकंद अशी वेळ छापली आहे, आणि ती खोटी आहे. घड्याळ बरोबर होतं, वेळ नोंदवणारी चिपही नीट वाचली गेली, मी फेऱ्याही पूर्ण पाच मारल्या. पण ज्याला १० किलोमीटर म्हटलं होतं ते अंतर ९ किलोमीटर ५५० मीटर भरलं. हे मोजून सांगते आहे. या लिखाणाचा बराच भाग या एकाच गोष्टीवर जाणार आहे, कारण गेले काही आठवडे मला दुसरं काही सुचलेलं नाही.

पावसाळ्यापासून मी गंगापूर रोड आणि आसपासच्या उद्यानांत होणाऱ्या छोट्या शर्यती धावते आहे. दोन-तीनशे माणसं, उद्यानातलीच वाट, दोन किलोमीटरच्या पाच फेऱ्या, असा साधारण मामला असतो. एरवीचा सराव गोल्फ क्लब ग्राउंडच्या जॉगिंग ट्रॅकवर, आणि रविवारी जमलं तर सोमेश्वरच्या बाजूला किंवा पांडवलेणीच्या पायथ्याशी. आयोजकांचं नाव मुद्दाम घेत नाही. कमी अंतर मला एकाच ठिकाणी सापडलं, पण अंतर मोजल्याचा कागद मी धावले त्यांपैकी कुठल्याच शर्यतीत कुणी दाखवला नाही.

फेऱ्यांबद्दल माझं मत बदललं, ते आधी सांगते. सुरुवातीला तेच झाड, तोच बाक, तोच कारंज्याचा बंद हौद पाच वेळा बघून जीव कंटाळायचा. सरळ रस्त्यावरची शर्यत हजारपट बरी, असं मी दोघीतिघींना सांगितलंही होतं. आता मला फेऱ्याच आवडतात. दर दोन किलोमीटरला पाणी हमखास मिळतं. पहिली फेरी जोरात गेली तर दुसऱ्या फेरीत ते लगेच कळतं आणि वेग आवरता येतो. वाहनं नाहीत, सिग्नल नाही, ट्रकचा धूर नाही. आणि मागे पडलेलं माणूस एकटं पडत नाही. सत्तरी ओलांडलेले एक काका दर वेळी शेवटच्या काहींत असतात. पुढे जाणारा प्रत्येकजण त्यांना ‘काका, मस्त’ म्हणत जातो, आणि ते प्रत्येकाला हात वर करून उत्तर देतात. मोठ्या मॅरेथॉनमध्ये त्यांच्यापाठी फक्त रुग्णवाहिका असते.

हवेचं तर काय सांगावं. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, त्यामुळे मुंबईसारखा चिकट घाम नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोटं बधिर होतात, पिना लावून बिब, म्हणजे नंबराचा कागद, छातीवर बसवणं हेच मोठं काम होऊन बसतं. पण दुसऱ्या किलोमीटरपासून अंग जे सुटतं, ते मे महिन्यात कितीही सराव केला तरी सुटत नाही. पावसाळ्यातल्या शर्यती मात्र जपून धावाव्यात. पेव्हर ब्लॉकवर झाडाखाली शेवाळ धरतं आणि वळणावर पाय सटकतो. एका मुलीचं मनगट माझ्यासमोर मोडलं. तिथे आदल्या दिवशी दोन माणसं आणि खराटा लावला असता तर काम झालं असतं.

आता टी-शर्ट. फी ६०० रुपये. त्यात टी-शर्ट, मेडल, पोहे, केळं, चिक्की. माझ्या कपाटात आता असे टी-शर्ट इतके झाले आहेत की घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मुलांनीही नको म्हटलं. टी-शर्ट नको असणाऱ्यांना दीडशे-दोनशे रुपये कमी लावा, अशी माझी पहिल्यापासूनची मागणी आहे. हे पैसे मला खरंच हवे आहेत. महिन्याला एक शर्यत म्हटलं तरी वर्षाला त्यात बुटांचे निम्मे पैसे निघतात. पोहे गरम असतात, त्याबद्दल तक्रार नाही.

बायकांच्या स्वच्छतागृहाबद्दल तक्रार आहे. सकाळी साडेपाचला उद्यानातलं स्वच्छतागृह कुलूपबंद, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन सातला येणार. हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा झालं. आदल्या रात्री किल्ली ताब्यात घेणं एवढंच करायचं असतं. मागच्या दोन शर्यतींत ती घेतली गेली, कारण आम्ही काहीजणींनी नोंदणीच्या वेळीच लेखी मागितली. तुम्हीही मागा.

सुरुवात वेळेवर होत नाही. पाहुणे यायचे असतात, मग झुंबा, मग भाषण. साडेसहाची शर्यत पावणेसातला सुटली की शेवटच्यांना ऊन लागतं. चिप वाचणारी चटई फक्त शेवटच्या रेषेवर असते, सुरुवातीला नसते. म्हणजे सगळ्यांची वेळ शिट्टीपासून धरली जाते आणि गर्दीत मागे उभं राहणाऱ्याचे सेकंद फुकट जातात. तीन किलोमीटरची लहान मुलं आणि दहाचे लोक एकदम सोडतात, तेही चुकीचं आहे. पण हे सगळं मी सोडून देऊ शकते. अंतर सोडून देऊ शकत नाही.

झालं असं. त्या रविवारी शेवटची रेषा ओलांडली तेव्हा वेळ बघून मी थबकले. माझा वेग किलोमीटरला साडेसहा मिनिटांचा. त्या हिशेबाने १ तास ५ मिनिटं यायला हवी होती, आणि आली १ तास २. आजूबाजूला सगळेच खूश. ज्याला त्याला आयुष्यातली सर्वोत्तम वेळ मिळालेली. एका सकाळी सगळ्या गावाचे पाय वेगवान झाले, यावर माझा विश्वास बसेना. मी घड्याळ बघितलं तर ९.७. शेजारच्या दादांच्या घड्याळात ९.९. एका मुलीच्या फोनमध्ये १०.२. घड्याळं अशीच वागतात. ती उपग्रहांवरून ठरावीक वेळाने एकेक ठिकाण टिपतात आणि सरळ रेघेने जोडतात. दाट झाडीत ठिकाण इकडेतिकडे उडतं, वळणावर कोपरा कापला जातो. उद्यानातल्या पाच फेऱ्यांत या सगळ्याची बेरीज कुठेही जाऊ शकते. म्हणून घड्याळावर भांडण करायचं नाही, एवढं मला माहीत होतं.

मी बांधकामाच्या साइटवर मोजमापं नोंदवण्याचं काम करते. एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत, लिहिलेला आकडा आणि जागेवरचा आकडा जुळला नाही तर कंत्राटदाराचं बिल अडतं, ही माझी रोजची भाषा. साइटवर मोजणीचं चाक असतं, आम्ही त्याला रोडोमीटर म्हणतो. त्याच दिवशी संध्याकाळी ते घेऊन उद्यानात गेले. आधी स्टीलच्या ३० मीटर टेपवर चाक तपासून घेतलं, कारण पेव्हरवर चाक उडतं आणि आकडा फुगतो. वळणाची खूण म्हणून ठेवलेला शंकूसारखा कोन उचलून नेलेला होता, पण फक्कीची रेघ तशीच होती. धावणारा ज्या सर्वांत जवळच्या मार्गाने जाऊ शकेल त्या रेषेवरून चालले, दोन्ही दिशांनी. फेरी भरली १,९१० मीटर. पाच फेऱ्यांचे ९,५५०. साडेचारशे मीटर गायब, म्हणजे माझ्या वेगाने जवळजवळ तीन मिनिटं. माझ्या १ तास ५ चा १ तास २ कसा झाला, ते तिथेच कळलं.

किलोला ४५ ग्रॅम कमी तोलणाऱ्या दुकानात आपण दुसऱ्यांदा जात नाही. इथे तेवढंच कमी दिलं आणि वर मेडल घातलं.

आयोजकांपैकी एका मुलाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, अहो सगळ्यांच्या घड्याळात दहाच्या आसपास आलंय ना!” मी विचारलं, “आसपास म्हणजे किती, दादा?” त्यावर, नकाशावर मोजलं होतं, असं उत्तर आलं. ग्रुपवर मी आकडे टाकले तर दोघांनी लिहिलं की आपण हौशी माणसं, आपल्याला कुठे ऑलिंपिकला जायचंय. हे वाक्य मला फार लागलं. हौशी माणसाकडे दुसरं असतं काय? त्याला बक्षीस मिळणार नसतं, नोकरीत बढती मिळणार नसते. त्याच्याकडे मागच्या वेळची स्वतःची वेळ आणि या वेळची स्वतःची वेळ, एवढंच असतं. अंतर खोटं निघालं की तेही जातं.

आणि आपण नाशिकच्या जिल्ह्यात राहतो. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ४०० मीटरच्या ट्रॅकवर पंचवीस फेऱ्या, त्यातलं एक पाऊलही कुणी माफ केलं नव्हतं. त्यांच्या जिल्ह्यात दहा किलोमीटर साडेनऊचे होऊन चालणार नाहीत.

रस्त्यावरच्या शर्यतीचं अंतर मोजायची पद्धत जगभर ठरलेली आहे आणि ती अजिबात महाग नाही. सायकलच्या पुढच्या चाकाला एक मोजणीयंत्र लावतात, त्याला जोन्स काउंटर म्हणतात. आधी स्टीलच्या टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावरून सायकल अनेकदा नेऊन किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढतात. मग मार्गावरून, वळणाच्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, जवळात जवळच्या रेषेने सायकल चालवतात. आणि शेवटी हजारात एक भाग जादा धरतात. १० किलोमीटरला १० मीटर जास्त, म्हणजे मोजणीत थोडं इकडेतिकडे झालं तरी मार्ग जाहीर अंतरापेक्षा कमी भरू नये. धावणाऱ्याला दहा मीटर जास्त गेले तर चालतील, कमी चालणार नाहीत, असा त्यामागचा विचार आहे. इतका धावणाऱ्याच्या बाजूने केलेला नियम मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिला नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, आणि मध्ये दोन गोष्टी घडल्या. त्यामुळे पुढचा भाग थोडा वेगळ्या सुरात आहे.

त्याच मुलाचा फोन आला. “ताई, तुमचं ते चाक घेऊन याल का? मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय.” शनिवारी पहाटे आम्ही दोघांनी पूर्ण फेरी मोजली. कारण सापडलं. त्यांच्या आराखड्यात मागच्या फाटकापर्यंत जाऊन वळायचं होतं. पण नाश्त्याच्या मंडपवाल्याने रात्री येऊन नेमका तिथेच मंडप ठोकला, आणि पहाटे अंधारात स्वयंसेवकांनी कोन मंडपाच्या अलीकडे ठेवला. अलीकडे म्हणजे ४५ मीटर. जाताना ४५, येताना ४५, फेरीला ९०, पाच फेऱ्यांत ४५०. आकडे एकमेकांत चपखल बसले तेव्हा तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग गाडीतून ऑइलपेंटचा डबा आणला आणि वळणाची खूण कठड्यावर रंगवली, दर किलोमीटरच्या खुणाही रंगवल्या. त्याच्याबद्दलचा माझा राग तिथे संपला. मुद्दाम कुणी काही केलं नव्हतं. सकाळी कोन ठेवल्यावर एकदा चाक फिरवायचं काम कुणाकडे दिलेलं नव्हतं, एवढंच.

दुसरी गोष्ट, पुढची शर्यत. कोन खुणेवर होता, मी स्वतः बघितला. त्या दिवशी माझी वेळ आली १ तास ४ मिनिटं २० सेकंद. किलोमीटरला ६ मिनिटं २६ सेकंद. पूर्ण १० किलोमीटरला मी कधीही इतकी वेगात धावले नव्हते, शेवटच्या फेरीत तर दोघांना मागे टाकलं. घरी येऊन वेबसाइट उघडली तर माझ्या नावापुढे लिहिलेलं: मागच्या वेळेपेक्षा सव्वादोन मिनिटं हळू.

म्हणून हे लिखाण मी ‘सगळं ठीक झालं’ म्हणून संपवू शकत नाही. जुना निकाल अजून तसाच आहे. त्यापुढे १० किमी हेच लिहिलेलं आहे, सर्टिफिकेटवरही तेच. मोठ्या शहरांतल्या शर्यतींत सुरुवातीची रांग ठरवताना जुन्या शर्यतीचं टायमिंग सर्टिफिकेट मागतात. तिथे आमच्यातला कुणी हा कागद दिला तर तो आपल्या वेगापेक्षा पुढच्या रांगेत उभा राहील, स्वतः दमेल आणि मागच्यांनाही अडवेल. मी तरी तो कागद कुठेही वापरणार नाही. माझी मागणी फार साधी आहे: त्या दिवशीच्या सगळ्या निकालांपुढे ९.५५ किमी असं लिहा. वेळा काढू नका, माणसं खरोखर तितकी धावली आहेत. फक्त अंतर खरं लिहा. यावर अजून ‘टीमशी बोलून कळवतो’ यापलीकडे उत्तर नाही.

या शर्यतींत धावावं का? धावावं. त्याच उद्यानात, त्याच आयोजकांकडे मी पुढच्या महिन्याची नोंदणी केली आहे. टी-शर्ट नको म्हणून लिहिलं, आणि या वेळी १५० रुपये कमी लागले. नोंदणी करताना तुम्ही दोन प्रश्न लेखी विचारा: मार्ग कशाने मोजला, आणि शर्यतीच्या दिवशी पहाटे कोन ठेवल्यावर तो कोण तपासणार. दुसऱ्या प्रश्नाला माणसाचं नाव मिळालं पाहिजे. पुढच्या महिन्यापुरतं ते काम मी घेतलं आहे. साडेपाचला चाक घेऊन मागच्या फाटकाशी असेन, कुणाला बरोबर चालायचं असेल तर यावं.