रॅम्पच्या सिग्नलचे दोन लाख छत्तीस हजार

पुण्यातल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे आणि खाली उतरायला एकच अरुंद रॅम्प, त्यातही मध्ये वळण. बिल्डरने वळणावर लावून दिलेला गोल आरसा पहिल्याच पावसाळ्यात आंधळा झाला. संध्याकाळी सात ते नऊ रोजचा तमाशा: खालून एक गाडी अर्ध्यात आलेली, वरून दुसरी उतरलेली आणि मागे कोणी जायचं यावर वाद. म्हणून सर्वसाधारण सभेत ठरलं की दोन्ही टोकांना सिग्नल बसवायचे. मी सोसायटीची खजिनदार. चेकवर सही माझी होती, तेव्हा हे लिहायचं कामही माझंच.

तीन कोटेशनं आली. त्यातली दोन कोटेशनं तीन लाखांच्या वर, तिसरं दोन लाख अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६,०००. "काम तेच आहे मॅडम, फक्त आमच्याकडे एसी ऑफिस नाही," असं तिसऱ्या कोटेशनवाला म्हणाला आणि कमिटीतले सगळे हसले. मीसुद्धा.

गंमत म्हणजे त्या कोटेशनमध्ये लिहिलेलं सगळं बरोबर होतं. कुठल्या तरी चांगल्या कंपनीच्या कागदावरून उचललेलं असणार. रॅम्पच्या दोन्ही टोकांना काँक्रीटमध्ये खाच पाडून तारेचे तीन-चार वेढे घालायचे, वरून सीलंट भरायचं. याला लूप म्हणतात. वरून गाडी गेली की तिच्या लोखंडामुळे लूपचं इंडक्टन्स (तारेच्या वेढ्याचा एक विद्युत गुणधर्म) बदलतं आणि पॅनलमधल्या डिटेक्टरला कळतं, गाडी आली. रॅम्प मोकळा असेल तर तिला हिरवा, समोरच्याला लाल. ती दुसऱ्या टोकाच्या लूपवरून बाहेर पडेपर्यंत समोरचा लाल हटत नाही. दोन्हीकडे एकदम गाड्या आल्या तर आत येणाऱ्याला आधी सोडायचं, नाहीतर रांग रस्त्यावर जाते.

ॲडव्हान्स ६० टक्के, १,४१,६००. चेक कंपनीच्या नावाने लिहायला घेतला तर म्हणाला, कंपनीच्या खात्याचं केवायसी अडकलंय, माझ्याच नावाने द्या, पावती कंपनीची देतो. इथे मी पेन खाली ठेवायला हवं होतं. नाही ठेवलं. पावसाळा तोंडावर होता आणि रॅम्प कापायचं काम पावसाआधी उरकायचं होतं.

चार दिवस कटर चालला. खाचा पडल्या, काळं सीलंट भरलं गेलं, खांब उभे राहिले. डेमोच्या दिवशी निम्मी सोसायटी जमली. गाडी वरच्या पट्ट्यावर आली की हिरवा, खाली लाल. खालून आली की उलट. एकदाही चूक नाही. त्याचा एक पोरगा पॅनलशेजारी खिशात हात घालून उभा होता, तो मला नीट आठवतो. संध्याकाळी उरलेले ९४,४०० मी देऊन टाकले. चेअरमनसाहेबांनी पेढे वाटले.

तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीचे वॉचमन मामा मला म्हणाले, "मॅडम, ह्यो दिवा गाडी बघत न्हाई. घड्याळ बघतोय." मी त्यांना म्हटलं, मामा, त्यात सेन्सर आहे, तुम्हाला नाही कळायचं. हे वाक्य आजही आठवलं की कानकोंडं व्हायला होतं. शेवटी बी विंगमधल्या नववीतल्या मुलीने मोबाइलवर वेळ मोजली: ४० सेकंद वर हिरवा, ४० सेकंद खाली हिरवा, गाडी असो वा नसो. मध्ये दोन्हीकडे लाल असा एक सेकंदही नाही. आमचा रॅम्प ४५ मीटरचा. ताशी दहा किलोमीटरने उतरणाऱ्या गाडीला सोळा सेकंद लागतात. म्हणजे हिरव्याच्या शेवटच्या क्षणी वरून कोणी शिरला की तो वळणावर असताना खालच्याला हिरवा मिळणार. तसंच झालं. ए विंगमधल्या काकांनी घाबरून रिव्हर्स घेतला आणि मागचा दिवा भिंतीवर फोडला. सिग्नल नव्हता तेव्हा लोक निदान हॉर्न तरी वाजवत होते.

फोन केला तर उत्तर काय मिळावं? "सेन्सर शिकतोय मॅडम, पंधरा दिवस डेटा घेऊ द्या." पंधरा दिवसांनी: "एएमसी नसेल तर इंजिनिअर पाठवता येत नाही." एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार. आम्ही त्याचे १८,००० भरले. हो, भरले. त्यानंतर फोन बंद.

मग आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनने पॅनल उघडलं. लूपच्या म्हणून आलेल्या दोन तारांना त्याने मल्टिमीटर लावला. तार अखंड असेल तर जेमतेम काही ओहम दाखवायला हवेत. काट्याने जागा सोडली नाही. "ताई, ह्या तारा कुठंच जात नाहीत." एका ठिकाणी सीलंट खरवडलं तर खाली नुसती खाच. पॅनलमध्ये डिटेक्टर नव्हताच. होता एक टायमर आणि रिमोटवर चालणारी रिले, म्हणजे दिवे बदलणारा स्विच. दाराच्या गेटला असतो तसला रिमोट. खिशातला हात तेव्हा कळला.

डेमो आम्ही बघितला, पण घेतला नाही. कंपनीचा एकही माणूस जवळ नसताना रिकाम्या रॅम्पकडे पाच मिनिटं बघत बसलो असतो, तरी दिवे आपोआप बदलताना दिसले असते. किंवा एक गाडी मुद्दाम वळणावर दोन मिनिटं थांबवून समोरचा लाल टिकतो का ते पाहायचं. मल्टिमीटरची तपासणी तर सीलंट भरायच्या आधीच व्हायला हवी होती; त्याला दोन मिनिटं लागतात. त्याने दिलेल्या दोन 'ग्राहकां'ना आम्ही फोन केले, दोघांनी तोंड भरून कौतुक केलं, पण तिथे जाऊन बघावं असं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही.

जीएसटी नंबर मी पैसे गेल्यावर तपासला. लेटरहेडवर पत्ता भोसरीचा आणि नंबरची सुरुवात २४ ने. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, २४ गुजरातचा. पोर्टलवर टाकला तर नाव भलत्याच कापड व्यापाऱ्याचं निघालं.

पोलिसांत अर्ज दिलाय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, जिल्हा ग्राहक आयोगातही गेलो; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. भोसरीला पाठवलेली नोटीस 'या पत्त्यावर असे कोणी नाही' म्हणून परत आली. ऑडिटरनेही व्यक्तीच्या नावाने चेक दिल्याबद्दल शेरा मारलाय, तो रास्तच आहे.

टायमर आता काढून टाकलाय. संध्याकाळी रॅम्पवर मामा शिट्टी घेऊन उभे असतात.

गेल्या आठवड्यात शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एक कोटेशन दाखवायला आणलं, इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग पॉइंटचं. लेटरहेड नवं, कंपनीचं नाव नवं, पत्ता चिंचवडचा. मी खाली जीएसटी नंबर वाचला. २४ ने सुरू होणारा, तोच.