हेलिकॉइलचे पैसे घेतले आणि भोकांत पुट्टी भरली

भोसरी एमआयडीसीत माझे मशिनिंगचे लहान युनिट आहे. आमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या एका फिक्स्चरवर, म्हणजे काम करायचा भाग (जॉब) मशिनवर पकडून ठेवणाऱ्या साधनावर, जॉब बदलताना एम १२ चे, म्हणजे १२ मिमी व्यासाचे, आठ अ‍ॅलन बोल्ट दिवसातून अनेकदा काढावे-घालावे लागतात, आणि अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे गेल्या वर्षी त्या आठही भोकांतले आटे गेले. ओळखीतून मिळालेल्या एका दुरुस्तीवाल्याने प्रत्येक भोकात १८ मिमी लांबीचे स्टेनलेसचे हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी नवे आटे देणारे तारेचे वेटोळे, बसवून देतो, असे सांगितले. तिसऱ्या दिवशी फिक्स्चर परत आले, आट्यांचे माप तपासायचे गो-गेज माझ्यासमोर सहज आत गेले आणि मी तिथेच पैसे चुकते केले.

दुसऱ्या दिवशी टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) ६० न्यूटन-मीटरवर लावून बोल्ट आवळू लागलो, तर तिसरा बोल्ट गरगर फिरू लागला. तो बाहेर काढला, तेव्हा त्याच्या आट्यांत राखाडी भुकटी चिकटलेली होती. नखाने खरवडली, तर ती खडूसारखी सुटली. धातूची पूड मिसळलेली इपॉक्सी पुट्टी भोकांत भरून, तिच्यातच टॅप (आटे पाडायचे हत्यार) मारून दिला होता. गेज केवळ आट्यांचे माप तपासते, त्यांची ताकद नव्हे, हे त्या वेळी माझ्या ध्यानातच आले नाही.

हेलिकॉइलसाठी आधी साधारण १२.४ मिमीचे भोक पाडून त्याच्या खास मोठ्या टॅपने आटे पाडतात, त्यामुळे कॉइल घालण्यापूर्वी एम १२ चा बोल्ट त्या भोकात कुठेही न पकडता सैल उतरतो. त्या टप्प्यावर आपण स्वतः जाऊन बोल्ट टाकून पाहावा. बसवलेल्या कॉइलचे पहिले वेटोळे पृष्ठभागाच्या किंचित खाली असते आणि टॉर्चच्या उजेडात तारेचे टोक स्पष्ट दिसते. नेहमीच्या प्रकारात कॉइल बसवल्यावर तिची आडवी शेपटी, म्हणजे टँग, तोडावी लागते; आठ कॉइल बसवल्या असतील, तर आठ तुकडे मागून घ्यावेत.

मी जाब विचारायला गेलो, तेव्हा त्याने कामाचे चलन (पावती) पुढे केले. त्यावर केवळ ‘आटे दुरुस्ती, ८ नग’ एवढेच लिहिलेले होते. हेलिकॉइलचा उल्लेख कुठेही नव्हता आणि सही माझी होती. पैशांपेक्षा मला फिक्स्चरचे दुःख अधिक झाले, कारण पुट्टी धरावी म्हणून त्याने भोके वेडीवाकडी १५ मिमीपर्यंत मोठी केली होती. तिथे आता एम १२ चे हेलिकॉइल बसणे शक्यच नव्हते, म्हणून आठही भोके नव्याने बोअर करून जाड भिंतीचे पोलादी बुश, म्हणजे नळीसारखे तुकडे, बसवावे लागले.